शेवटच्या ओळीचा बंदोबस्त

२४ मे, सकाळ
आजपासून तीन आठवडे रजा. ऑफिसात कारण 'घरगुती' असं दिलं, आणि ते खोटं नाही. मी लिहिलेला टेक्स्ट एडिटर घरच्या मशीनवर झकास चालतो. दुसऱ्या जातीच्या मशीनवर मात्र तो प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ खातो. प्रकाशनात नेमकी त्याच जातीची मशीन्स. हिने चौदा महिने खपून केलेलं भाषांतर, तीनशे बारा पानं, माझ्या एडिटरमध्ये आहे. १५ जूनला द्यायचंय. हिचं पहिलं पुस्तक.
ती फाइल दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडत नाही. मजकूर कॉपी करून बाहेर नेता येत नाही. ही सुरक्षितता मीच घातली.
संकल्प: पाच दिवसांत काम फत्ते. वापरणारे सध्या दोनच, मी आणि ही. वाढतील.
रोजनिशी मात्र वहीत. एडिटरवर अविश्वास नाही, डोळ्यांना आराम म्हणून.

२५ मे
एडिटरच्या प्रत्येक भागाच्या दोन फायली असतात. एक मूळ कोड, जो मी लिहितो. दुसरी त्याचीच आधी कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून ठेवलेली; त्यामुळे सगळं पटकन उघडतं. सुरू होताना एडिटर दोन्हींच्या तारखा बघतो आणि जी नवी ती उचलतो. मूळ कोड दुरुस्त केला की दुरुस्ती आपोआप लागू. ही हुशारी माझी.
दोष ओळी मोडणाऱ्या भागात आहे, हे अर्ध्या तासात कळलं. उरलेला दिवस टेबल आवरण्यात गेला.

२८ मे
बारा दुरुस्त्या. दादाकडे त्या जातीचं मशीन आहे, दोन गल्ल्या पलीकडे. पेनड्राइव्ह नेऊन तपासलं. ओळ गेली. पण पूर्वीपेक्षा सावकाश गेली, मला स्पष्ट दिसलं. दादाला दिसलं नाही. तो चष्मा लावत नाही.

३१ मे
पाच दिवस संपले. नवा संकल्प: पाच दिवस.
मागच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी बसतो. बाहेरच्या पाइपमुळे खिडकी अर्धीच उघडते. दाढी बंद. हिने विचारलं, प्रकाशनातल्या बाईंकडून मुदत वाढवून घेऊ का. नको म्हणालो. माझ्या शब्दाला काही वजन आहे की नाही?

२ जून
दादाकडे सहावी फेरी. त्याचं म्हणणं, इतकं बदलूनही हे जसंच्या तसं चालतंय, जणू तू काही केलंच नाहीस. ज्याचं त्यालाच कळतं, दुसऱ्याने काय बोलावं. वहिनीने पोहे दिले नाहीत या वेळी.

५ जून
एकूण दुरुस्त्या सत्त्याण्णव. आज मुद्दाम एक ढळढळीत चूक घालून पाहिली. एडिटर जराही कोसळला नाही. कोड इतका भक्कम झालाय! चूक काढायची राहिली, उद्या काढेन.

७ जून
ही सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपवर टाइप करत असते. बोटं थांबत नाहीत. पुस्तक तर झालेलं आहे. म्हणजे माझ्या एडिटरची चाचणी घेत असणार. मनगटाला पट्टा बांधलाय. एवढी निष्ठा हल्ली कुठे दिसते!

९ जून
खरं सांगायचं तर घुसमटतोय. पुढे ओळ सापडत नाही आणि मागे फिरायला तोंड नाही. हिची चौदा महिन्यांची मेहनत मी कुलपात घातली आणि किल्ली हरवून बसलो, असा विचार आला. चहा घेतल्यावर गेला.

११ जून
आज कोडला हात लावला नाही, फक्त विचार. नाश्त्याला हिने विचारलं, आज तारीख काय. म्हणालो, अजून चार दिवस आहेत, घाबरू नकोस. मग चांगली साडी नेसून बाहेर गेली, ती संध्याकाळी आली. जेवताना बोलली नाही. कामाचा ताण.

१२ जून
सकाळी कोडमधला एक स्वल्पविराम हलवला. एडिटर उघडेचना. घरच्या मशीनवर, जिथे कधीच काही झालं नव्हतं!
हिला हाक मारली आणि सांगून टाकलं, पुस्तक आत अडकलं. ती शांतपणे शेजारी बसली. फायलींची यादी वाचली. म्हणाली, "ही कंपाइल केलेली फाइल कालच्या तारखेची कशी? काल तर तू नुसता बसून होतास."
आठवलं. गेल्या वर्षी लग्नाचा वाढदिवस विसरलो होतो. प्रायश्चित्त म्हणून एडिटरमध्ये आठवण देण्याची सोय घातली, आणि ती चालते का ते बघायला मशीनचं घड्याळ पुढे, या वर्षीच्या ११ जूनला नेलं. तसंच सगळे भाग पुन्हा कंपाइल केले. त्यामुळे कालपर्यंत ती फाइलच नवी ठरत होती. माझ्या एकशे चाळीस दुरुस्त्यांपैकी एकही कधी चालली नव्हती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळी मूळ कोड नवा ठरला आणि सगळ्या एकदम चालल्या. ती ढळढळीत चूकही.
"मग ती आठवण काल आली का?" तिने विचारलं.
सांगावं लागलं की एकदा दाखवलेली आठवण एडिटर त्या वर्षी पुन्हा दाखवत नाही. उगाच कटकट नको म्हणून. चाचणीत दाखवून झाली होती.
ती उठली. दारात थांबली. "पुस्तक काल देऊन आले मी. मशीनबरोबर फुकट येतो त्या एडिटरवर पुन्हा टाइप केलं. सगळी तीनशे बारा पानं."
मला फार वाईट वाटलं. ओळी शाबूत होत्या का, हे विचारायचा धीर झाला नाही.

१३ जून
रजेचा शेवटचा दिवस. दाढी केली.
वापरणारे: ही गेली. मी वहीत लिहितो.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११ जूनला पेनाने मोठा गोल केला. तारीख उलटलीय, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी. हिने येऊन पाहिलं. पट्टा बांधलेल्या हाताने माझ्याकडून पेन घेतलं आणि टोपण लावून ठेवलं.