मी मागे सरतो आहे

२ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी मुलीचा पूर्णवेळ करिअर सल्लागार आहे. विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती याचसाठी. साहेबांनी थांबायचा आग्रह केला नाही. समजूतदार माणूस.

पिल्लूला कॉलेजात प्रवेश मिळाला! बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कॉलेजने सहा महिन्यांचा कोर्स काढला आहे. सकाळी इतर मुलांबरोबर एक वर्ग, मग कॉलेजच्याच लायब्ररीत कामाचं शिक्षण. शेवटी एक दिवसाची चाचणी. पास झाली तर तिथेच पगारी नोकरी. शाळा संपल्यापासून चार वर्षं पोरगी खिडकीत बसून कॉलेजला जाणारी मुलं बघायची. काल बातमी कळल्यावर सोफ्यावर चढून नाचली. मीही नाचलो. सोफ्याची स्प्रिंग गेली. सौ. म्हणाली, तिच्या बाजूची नाही, तुमच्या.

पिल्लू बावीस वर्षांची आहे. नवीन गोष्ट शिकायला तिला वेळ लागतो, पण एकदा शिकली की विसरत नाही. मी नेमका उलटा. पटकन शिकतो.

संकल्प: रोज बरोबर जाणार. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार. कशातही नाक खुपसणार नाही.

९ जून

कॉलेजचा पहिला दिवस. मी आदल्या रात्रीपासून जेवलो नाही. पिल्लूने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कोच मॅडम म्हणजे कामाचं शिक्षण देणाऱ्या बाई. वय तिशीचं, पायांत पळायचे बूट. त्यांनी पालकांना नियम सांगितला: मागे सरायचं. पहिले काही दिवस मुलांच्या शेजारी, मग भिंतीपाशी, मग दारात, मग गेटबाहेर, मग घरी. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की माझ्या मुलीचं प्रकरण नाजूक आहे, तिला हा नियम लावू नका. त्या म्हणाल्या, नियम मुलीसाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे.

तरुण माणसं घाईत काहीही बोलतात.

दुसरा नियम: शेजारी बसायचं तर मूल करतं तेच काम आपणही करायचं. उत्तम. पिल्लूसमोर आदर्श राहील.

१२ जून

आदर्श. पुस्तकांवर नंबर असतात. ट्रॉलीतली पुस्तकं नंबराप्रमाणे फडताळात लावायची. पोरखेळ. मी झपाट्याने सुरुवात केली. मग गिर्यारोहणावरचं एक पुस्तक हाती लागलं. शिखर जवळ आलं होतं, दोरी तुटत होती, अशा वेळी कोणता माणूस पुस्तक मिटेल?

दिवस संपताना कोच मॅडम प्रत्येकाला कितीदा आठवण करावी लागली ते सांगतात. पिल्लू, एकदा. बाबा, तीनदा. मी विषयाच्या खोलात जातो हे या बाईंना कोण सांगणार? वर्गातल्या सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा म्हणाला, काका, उद्या जमेल.

२३ जून

भिंत. म्हणजे आज भिंतीपाशी उभं राहायचं. राहिलो. टेकलोही. पाठीमागे दिव्यांचं मुख्य बटण होतं. सगळी लायब्ररी गुडूप. अंधारात पिल्लूचा आवाज आला, बाबा, सरळ उभे राहा.

मीच आहे हे तिला अंधारात कसं कळलं?

४ जुलै

बसचं शिक्षण मी स्वतः दिलं. लायब्ररी ते घर, सोपा रस्ता. लाल कमानीनंतर बेल दाबायची, की आपला स्टॉप. तिची परीक्षा घ्यावी म्हणून मी येताना मुद्दाम डोळे मिटले. ते उघडले तेव्हा डेपो आला होता आणि ड्रायव्हर माझा खांदा हलवत होता. पिल्लू कमानीनंतर बेल दाबून उतरली होती. म्हणाली, दोन हाका मारल्या, तुम्ही म्हणालात पाच मिनिटं.

घरी पोचलो तर ती शेजारच्या काकूंकडे पत्ते खेळत बसलेली. जिंकत होती. सौ. म्हणाली, परीक्षा छान झाली, निकाल तेवढा उलटा लागला. सौ. हॉस्पिटलात नर्स आहे. असल्या माणसांना दया कमी असते.

पण धडा घेतला. घराच्या दोनच किल्ल्या, एक सौ.ची, एक माझी. माझी पिल्लूला दिली, समारंभपूर्वक, छोटंसं भाषण करून. मला किल्ली हवीच कशाला? मी कायम तिच्याबरोबर असणार.

१९ जुलै

घरी मुलाखतीचा सराव. मी टाय लावला. साहेब झालो. विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? पिल्लू म्हणाली, लायब्ररीत. मग हात जोडून अदबीनं विचारलं, आणि सर तुम्ही?

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. सराव तिथेच संपवला.

११ ऑगस्ट

दाराचा टप्पा पार पडला. (दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पिल्लूची ओळख करून देत होतो. कोच मॅडमच्या मते हे मागे सरण्यात मोजत नाहीत.) आता गेटबाहेर.

मागे सरायचं म्हणजे पायांनी सरायचं, नजरेचं काही ठरलेलं नाही. दुर्बीण घेतली. समोरच्या बसस्टॉपवरून तिसऱ्या खिडकीतलं सगळं झकास दिसतं. पिल्लू पुस्तकं परत घेत होती, शिक्का मारत होती, जीभ किंचित बाहेर, नेहमीसारखी. ऊर भरून आला. तेवढ्यात गेटवरच्या गार्डने दंड धरला. मुलींच्या कॉलेजात दुर्बिणीतून काय बघता, म्हणाला. कॉलेज मुलामुलींचं आहे, असं मी दाखवून दिलं. त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही.

ओळख पटवायला पिल्लूलाच बोलावलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. गार्डला म्हणाली, माझे बाबा आहेत. सोडा. शिकतायत अजून.

३ सप्टेंबर

पिल्लूने जेवताना जाहीर केलं की कॉलेजात तिला पिल्लू म्हणायचं नाही. तिथे तिला तिच्या नावाने ओळखतात. मी म्हटलं, बरं पिल्लू.

२८ ऑक्टोबर

आता मी घरी असतो. दुर्बीण सौ.ने ताब्यात घेतली आहे. दिवसभर करिअर सल्लागाराचं काम घरूनच करतो, म्हणजे घड्याळ बघतो. सोफ्याची स्प्रिंग स्वतः दुरुस्त केली. आता दोन गेल्या आहेत.

पिल्लूने सांगितलं, कुणी घाई केली की तिचे हात थांबतात, पण आता ती हात काउंटरवर ठेवते, श्वास घेते आणि म्हणते, एक-एक या. कोच मॅडमने शिकवलंय. मला मनातून काळजी वाटते. गर्दी झाली तर? दोघं एकदम ओरडले तर? चार वर्षं ती खिडकीत बसलेली मी पाहिली आहे. ते दिवस परत नकोत. मला सहन होणार नाहीत.

१७ नोव्हेंबर

परवा चाचणी. दिवसभर काउंटरवर एकटी. कोच नाही, घरचं कुणी नाही. घरच्या माणसाने मदत केली तर चाचणी बाद, जागा दुसऱ्याला. सौ.ने मला शपथ घ्यायला लावली की मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. घेतली. मी शब्दाचा पक्का आहे.

१९ नोव्हेंबर

टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि लायब्ररीत वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसलो. ही मदत नव्हे, उपस्थिती. (गार्ड सकाळच्या चहाला गेला होता. मी वाट पाहिली होती.)

दुपारपर्यंत पिल्लू मस्त. मग सुट्टी झाली आणि मुलांचा लोंढा आला. एकजण पुस्तक तिच्या नाकासमोर हलवतोय, दुसरी म्हणतेय माझं आधी. पिल्लूचे हात थांबले. थांबलेच. माझी पाचावर धारण बसली. मी उठलो. वर्तमानपत्र टोपीला अडकून बरोबर आलं. काउंटरपाशी जाऊन मी अख्ख्या लायब्ररीला ऐकू जाईल असं ओरडलो, पिल्लू, घाबरू नकोस, बाबा आहे!

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पिल्लूने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. श्वास घेतला. म्हणाली, एक-एक या. मग माझ्याकडे बोट करून, तुम्हीपण रांगेत.

मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे सातजण होते. सातहीजणांचं काम तिने केलं, सावकाश, एकही चूक नाही. माझा नंबर आला. तिने कार्ड मागितलं. माझ्याकडे कार्ड नव्हतं. कार्ड नाही तर आत बसता येत नाही, म्हणाली. आणि इथे मला पिल्लू म्हणायचं नाही.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई आल्या. विचारलं, हे गृहस्थ कोण? मी पिल्लूला डोळ्यांनी खुणावत होतो, सांग, ओळखत नाही म्हणून सांग. पण काळ्या चष्म्यातून खुणा दिसत नाहीत. आणि पिल्लू खोटं बोलत नाही, ते तिला कधी कुणी शिकवलंच नाही. म्हणाली, माझे बाबा. मी बोलावलं नाही. त्यांनी मदत केली नाही. कार्ड नाही, म्हणून बाहेर जातायत.

गेलो.

गेटपाशी कठड्यावर बसून रडलो. सहा महिने पोरीने घाम गाळला आणि मी एका आरोळीत सगळं घालवलं. गार्ड जेवून आला. या वेळी शेजारी बसला.

२० नोव्हेंबर

पास! पास! पास!

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मदत झालीच नाही, उलट अडथळा आला, आणि तो हिने कुणाचीही मदत न घेता दूर केला. काउंटरवर असंच माणूस हवं. कोच मॅडम म्हणाल्या, त्रासदायक वाचकाला कसं हाताळायचं ते चाचणीत नव्हतं, तो गुण जादा मिळाला.

म्हणजे तिच्या यशात माझा वाटा आहे. सौ.ला हे सांगितलं. ती हसता हसता सोफ्यावर बसली. तिसरी स्प्रिंग.

१ डिसेंबर, संध्याकाळ

नोकरीचा पहिला दिवस. तिचा, म्हणजे.

गळ्यात ओळखपत्र, त्यावर तिचं नाव. मला घराच्या दारापर्यंत यायची परवानगी होती. जिन्याच्या वळणावर तिने मागे पाहिलं. वाटलं, आता हाक मारते. म्हणाली, बाबा, दार लावून घ्या.

लावणारच होतो. पण पाण्याची बाटली दिसली आणि ती घेऊन खाली धावलो. (बाटली माझीच निघाली. तिची ती घेऊन गेली होती.) बस निघून गेली आणि वर दार आपोआप लागलं. फोन आत. सौ. दिवसपाळीला, फोन बंद ठेवून. दुसरी किल्ली लायब्ररीत.

घरातल्या सपाता घालून चालत गेलो. गार्ड म्हणाला, कार्ड? मी म्हटलं, नाही, आणि आत जायचंही नाही. बाकावर बसलो. अर्धं सँडविच त्याने दिलं. खिडकी तिसरी. दुर्बिणीशिवाय काही दिसत नाही. बघायचा प्रयत्नही फारसा केला नाही.

पाच वाजता ती दोन मुलींबरोबर हसत बाहेर आली. मला पाहून थबकली. कडक आवाजात विचारलं, मला न्यायला आलात? मी म्हटलं, नाही गं. तू मला घरी ने.

तिने मैत्रिणींना सांगितलं, हे माझे बाबा. मग माझा हात धरून बसमध्ये चढवलं आणि खिडकीची जागा दिली. दिवसभराच्या उन्हाने डोळा लागला. लाल कमान गेली, तिने बेल दाबली आणि मला उठवलं.

या वेळी एकदाच आठवण करावी लागली. प्रगती आहे.