टाकीतला दहावा मासा

प्रिय थिंग,

हे पत्र तू उघडशील की नाही, मला ठाऊक नाही. बो-रुई गेल्यावर तू दर रविवारी त्याची खाऱ्या पाण्याची टाकी साफ करायला यायचास, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी मी तुझ्याकडून घराची किल्ली परत मागितली. कारण सांगितलं नाही. तू किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि बुटाच्या नाड्याही न बांधता जिना उतरलास. कारण आज लिहितो.

माझ्या मुलाची टाकी तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सात वर्षांपूर्वी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात निम्मे मासे गेले, तेव्हा उरलेल्यांना वेगळ्या टबात तांब्याचं औषध देत तुम्ही दोघांनी टाकी शहात्तर दिवस माशांविना ठेवली होती. मी चिडवायचो, "नुसते दगड बघायला दिवा कशाला जाळता रे?" तो म्हणायचा, "बाबा, किडा वाळूत दडून बसलाय. त्याला उपाशी मारायचंय." तेव्हापासून त्याचा नियम होता की बाहेरची वस्तू आत जाणार नाही, आणि नवा मासा आधी अडीच महिने टबात राहील. सात वर्षांत एक ठिपका दिसला नाही. त्याच्या वहीत एक ओळ आहे, 'हा रोग आपोआप येत नाही, कुणीतरी आणतं.' ती वही मी आता रोज वाचतो. माझी चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. तिथे बिघाड झाला की आधी विचारायचं, हात कुणाचा लागला.

एप्रिलमध्ये पिवळ्या माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे ठिपके दिसले. घरात बाहेरून येणारा हात एकच होता, तुझा. तुझ्या माशांच्या दुकानात पन्नास टाक्या. तुझी जाळी ओलीच असायची. शिवाय तू एकदा म्हणाला होतास, "काका, झेपत नसेल तर मी मासे घेऊन जातो." ते वाक्य मी मनात घोळवत राहिलो. माझा मुलगा गेला आणि याचा डोळा माशांवर आहे, असं मला वाटायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझी खात्री होती.

किल्ली घेतल्यावर मी टाकीच्या झाकणावर पेन्सिलीने बारीक खूण केली. तिसऱ्या दिवशी झाकण बोटभर सरकलेलं. तू दुसरी किल्ली करून घेतली असशील म्हणून मी कुलूप बदललं. झाकण पुन्हा सरकलं. तरी माझा संशय तुझ्यावरच. तू समोरच्या दुकानातून शेवया घेत होतास, तेव्हा मी खिडकीच्या आडून तुला पाहत होतो, तू वर बघतोस का म्हणून. तू बघितलं नाहीस. तेही मला संशयास्पदच वाटलं.

मग एके सकाळी खाणं टाकताना मी मासे मोजले. नऊ हवेत, दहा भरले. मागच्या दगडाआड काळ्या पट्ट्यांचा एक लहानसा मासा होता, अंगठ्याएवढा. त्याच्या अंगावर ठिपके होते आणि तो मजेत खात होता. मी वहीत तुझं नाव लिहून त्याखाली रेघ ओढली.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या छ्यो बाई तुझ्या काकूला भेटायला दारात आल्या. मी न्हाणीघरात होतो. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, भिंतींना जुमानत नाही.

"काय ग सु-युन, तू सोडलेला जीव जगला का?"

"हळू बोल. हे घरात आहेत."

"असू देत की! मीच म्हटलं ना, बंदरावर सोडायचा तर परवानगी काढा, साहेबांच्या पाया पडा. तुझ्या तर घरातच समुद्र आहे!"

त्यांच्या बोलण्यातून कळलं, बो-रुईला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले तेव्हा त्या दोघी देवळात गेल्या होत्या. त्याच्या नावाने एक जीव सोडायचा, पुण्य त्याला पोहोचतं. सु-युनने मासा विकत घेतला, पिशवीत घालून घरी आणला आणि पाण्यासकट त्याच्याच टाकीत सोडला. तिला वाटलं, याहून चांगली जागा कोणती?

मी ऐकलं हे तिला कळू नये म्हणून मी नळ मोठा सोडला. नंतरही तिला काही विचारलं नाही. मुलगा गेल्यापासून तिने पोटभर भात खाल्ला नव्हता, थिंग. मासा सोडला त्या दिवसापासून ती जेवायला लागली. पहाटे झाकण सरकवून चिमूटभर खाणं टाकते आणि दगडाआड बघत विचारते, "जेवलास का रे?" मी झोपेचं सोंग घेतो.

पण परवा पिवळा मासा मेला. ती उठायच्या आत मी त्याला गच्चीवरच्या कुंडीत पुरलं. नारिंगी जोडी कोपऱ्यात धापा टाकते आहे. काल भांडी पुसताना सु-युनने माझ्याकडे न बघता विचारलं, "हा रोग येतो कुठून हो?" मी म्हणालो, बघतो. तिचं फडकं एकाच ताटलीवर फिरत होतं. तिला शंका यायला लागली आहे. मी तुला कसं दोषी धरलं ते मला आठवतं. ती स्वतःला त्याहून घट्ट धरेल.

म्हणून लिहितोय. तू ये आणि सगळे मासे टबात ने. तांब्याचं औषध दे. तो पट्ट्यांचा मासा आधी उचल, काही झालं तरी तो जगायला हवा. शहात्तर दिवस टाकी रिकामी ठेवायला मी शिकेन. आणि मग सु-युनसमोर उभा राहून सांग, "काकू, चूक माझी. माझ्या ओल्या जाळीतून रोग आला." ज्या गोष्टीसाठी मी तुला घराबाहेर काढलं आणि जी तू केली नाहीस, ती कबूल कर असं सांगतोय, हे मला कळतं. नाही म्हणालास तरी माझी तक्रार नाही. आलास तर तिच्यासमोर मी तुझ्यावर थोडा रागावेन. तेवढं सोस.

तुझाच,
बो-रुईचा बाबा