बिजागरीतले दोन थेंब

अण्णा,

काल तुमचा तो जुना टॉवेल बाहेर काढला. कडेला वीण चुकली म्हणून मालकानं तुम्हाला देऊन टाकलेला, तोच. जेवणाच्या टेबलावर अंथरला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचा पडदा बदलायला बसले. हसू नका. तुमची नात आता अकरावीला आहे, तिला टायपिंगपुरता लॅपटॉप हवाय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दहा वर्षांच्या जुन्याला कोण हात लावणार?" झालं, मला चेव आला. पडदा मागवला, मोबाईलवर व्हिडिओ लावला. अक्कलकोट रोडवरचे बंद पडलेले माग चालू करणाऱ्या जॉबरची मुलगी ना मी! हे आता म्हणते हं. तुम्ही होतात तेव्हा मी शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात कुणी विचारलं, तर वडील कारखान्यात सुपरवायझर आहेत असं सांगायचे.

आधी बॅटरीची वायर काढली. "आधी लाईट बंद, मग हात," हे तुमचं वाक्य व्हिडिओतल्या पोरानंही म्हटलं, फक्त इंग्रजीत. मग जुन्या एटीएम कार्डानं पडद्याभोवतीची चौकट उचकटली. एकेक स्क्रू निघाला तसा टॉवेलवर ठेवत गेले, ज्या जागचा त्या जागी. टॉवेलच्या दोऱ्यांत स्क्रू अडकून बसतो, गडगडत नाही. हे व्हिडिओत नव्हतं. हे तुमचं होतं.

पडदा सुटला आणि मी खालची बिजागरी बघितली. तेल होतं, अण्णा. वाळून पिवळं पडलेलं, बिजागरीच्या खाचेत, तिथल्या तिथं. एक थेंबसुद्धा पुढं सरकला नव्हता. पडद्याची कड कोरडी ठणठणीत.

दहा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. तुम्ही मागाच्या तेलाची छोटी बुधली घेऊन बसला आहात. लॅपटॉप नवा असूनही उघडताना कुरकुरतो म्हणून मी सकाळीच कटकट केलीय. शेजारी माझी सहा वर्षांची पोर बसलीय. "लई कुरकुरतंय की गं हे," तुम्ही तिला म्हणता, "दोन थेंब सोडू. माग असो न्हाय तर दार, कुरकुरलं की तेल मागतंय." दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडते आणि पडद्यावर हा एवढा काळा डाग. शाई सांडल्यासारखा. मी घर डोक्यावर घेतलं. "अण्णा, हा काय माग आहे का? काय कळतं तुम्हाला यातलं? सगळ्या पडद्यात तेल शिरलं!" समोर आई, माझा नवरा, चहाला आलेल्या माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका. तुम्ही डागाकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "चुकलं माझं. आपलं काम न्हाय ते." आणि बुधली घेऊन मागच्या दारी गेलात.

तेव्हापासून तुम्ही घरातल्या कशालाच हात लावला नाहीत. नळ गळायला लागला की म्हणायचात, "माणूस बोलवा कुणीतरी." कुकरचं हँडल ढिलं झालं, तर पान्हा हातात घेऊन मला विचारलंत, "लावू का हात?" तुम्ही! शेडमध्ये माग बिघडला की तुमची सायकल येईपर्यंत कामगार चहालासुद्धा हलायचे नाहीत, ते तुम्ही. मी लावा म्हटलं, तरी पान्हा ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसलात. दोन वर्षं असंच चाललं, आणि मग तुम्ही गेलातच.

काल जुना पडदा उजेडात धरला. बरोबर मध्यावर चिरा आहेत, एका बिंदूतून चहूकडं गेलेल्या. तेलानं चिरा पडत नाहीत. त्या माझ्या केसांच्या चापानं पडल्या. आदल्या संध्याकाळी तो कीबोर्डवर राहिला, मी घाईत झाकण दाबलं, कट्ट झालं. उघडून चाप काढला, तेव्हाच तो डाग दिसला होता. तेव्हा तो हरभऱ्याएवढा होता, सकाळपर्यंत पसरला. मला माहीत होतं, अण्णा. तुमच्यावर ओरडताना तो चाप माझ्या डोक्यातच होता. नवा लॅपटॉप, नवऱ्यानं हौसेनं आणलेला, आणि मला बोलणी खायची नव्हती. तेलाचं आयतं निमित्त मिळालं. लाज वाटते हो. मी तुमच्या हातांवर खोटा आळ घेतला.

नवा पडदा जोडला, स्क्रू टॉवेलवरून उचलून एकेक बसवले. चालू केला. लख्ख! पोर क्लासहून आली, उड्याच मारायला लागली. "आजोबांनी तेल घालून बिघडवलेला तोच ना हा?" असं तिनं लगेच विचारलं. घरात सगळे हेच हसत सांगतात, तिनं दुसरं काय ऐकलंय?

मी टॉवेलची घडी घालत होते. तिनं झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाली, "आवाजच नाही गं! इतका जुना असून?"

"ती बिजागरी आजोबांनी केलीय," मी म्हटलं. "दहा वर्षं झाली, अजून कुरकुरत नाही."

तिला कौतुक वाटलं. मग मला म्हणाली, "म्हणजे बिजागरी नीट केली, पण पडदा घालवला."

मी टॉवेलची घडी कपाटात ठेवली. चाप तेवढा केसांतून काढून मुठीत धरला.