चौदा वाफ्यांची वंशावळ

२ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चौदा पाकिटं आणि ओल शोषणारे खडे पोचले. प्रत्येक पाकिटात एक पान घालून, वाफ्याचा नंबर टाकून सोबत पाठवते आहे. खडे खाऊ नयेत असं वर छापलंय ते बरं झालं, शेजारीण खडीसाखर समजून तोंडात टाकणार होती.

आता काम समजून घे. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना मागच्या अंगणात गाड्या लावायच्या आहेत. रोज सकाळी टेप घेऊन येतात आणि माझ्या स्ट्रॉबेरीच्या डोक्यावरून लांबी-रुंदी मोजतात. मात्र उद्यान कार्यालयाचा एक नियम आहे. एका जागी दहा किंवा जास्त वेगवेगळी वाणं असली, तर ती 'जतन बाग' ठरते आणि मग तिथे कुणाला फावडं लावता येत नाही. दाखला प्रयोगशाळेचा हवा आणि अर्ज मार्चअखेरच्या आत. माझ्याकडे तर चौदा आहेत! बावीस वर्षांत एकेक मागून, आणून, वाढवली. प्रत्येकीला नाव आहे. 'मुख्याध्यापिका' गोड आणि भारदस्त, म्हणजे मीच. 'विहीणबाई' वरून लालबुंद, आत आंबट. तू प्रयोगशाळेतच कामाला, तुला हा दाखला म्हणजे हातचा मळ, म्हणून निर्धास्त आहे.

तुझ्या बाबाचा खोकला कसा आहे? माया आहेच, ती पाकिटात मावत नाही.

तुझी
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर बस, मग वाच.

पानं मिळाली. इतकी देखणी पानं आमच्याकडे आजवर आली नव्हती, साहेब म्हणाले फ्रेम करून लावा. आम्ही पान वाटून त्यातला डीएनए काढतो आणि त्यातल्या ठरलेल्या जागा तपासतो. या खुणेच्या जागांना मार्कर म्हणतात. तिथला तुकडा एका वाणात लांब असतो, दुसऱ्यात आखूड, त्यामुळे प्रत्येक वाणाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी येते. तुझ्या चौदाच्या चौदा नक्षी एकसारख्या आल्या. मीच काही घोटाळा केला असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच आलं.

आत्या, तुझ्याकडे चौदा वाणं नाहीत, एकच आहे. स्ट्रॉबेरीच्या जमिनीवरून पळणाऱ्या फांदीला रनर म्हणतात, आणि तिला फुटलेलं रोप म्हणजे हुबेहूब तिची आईच. एकच झाड पळत पळत चौदा वाफ्यांत पोचलं असावं. तुझ्या अंगणात गाड्या उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाहीत.

रागावलीस तरी पत्र पाठव. 

तुझी
ठमी

१४ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद, थोडे रागाचे.

तुझं मशीन दुरुस्तीला टाक, असं लिहायला बसले होते. मग तुझं ते 'देखणी पानं' पुन्हा वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला.

त्या आठवड्यात किडीनं वाफ्यांची चाळण केली होती गं. पहिला वाफा तेवढा ठणठणीत होता. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत भोकं पडलेली पानं पाठवायची? पाहुण्यांपुढे कान तुटलेला कप ठेवतं का कुणी? म्हणून मी चौदाही पानं त्या एकाच वाफ्यातून निवडली आणि ओल्या फडक्यानं पुसून पाठवली. मला वाटलं पान ते पान, नंबर महत्त्वाचा.

या खेपेला ज्याचं त्याचं पान आहे, भोकांसकट. एकावर गोगलगाय होती, ती तेवढी उतरवून घेतली. हे तुझ्या बाबाला कळता कामा नये. तो मेला हसून हसून पुन्हा खोकेल.

खजील असली तरी तुझीच
आत्या

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं म्हणून तू आमचा अख्खा बाक तासभर उभा केला होतास, आठवतंय? आणि स्वतः मात्र एकीच्या उत्तरपत्रिकेवर चौदा जणींना पास करायला निघालीस! बाबांना मी सांगितलेलं नाही. त्यांनी पत्रच वाचलं.

आता खरा निकाल. चौदा वाफ्यांत वाणं नऊ निघाली. बाकीचे पाच वाफे म्हणजे त्याच नवांतली रोपं वेगळ्या नावानं नांदताहेत. आणि मन घट्ट कर, 'मुख्याध्यापिका' आणि 'विहीणबाई' या दोघी एकच आहेत. एक उन्हात वाढते, दुसरी भिंतीच्या सावलीत, एवढाच काय तो फरक.

नऊ म्हणजे एक कमी. दोन रात्री झोप नाही. दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं, दहावं काही सापडत नाही. तुला काय सांगावं तेच कळत नाही.

तुझ्या काळजीत असलेली
ठमी

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

मी आणि विहीणबाई एकच? ही प्रयोगशाळा आहे की वधूपक्षाची बैठक?

हे बघ, आम्ही शाळेत एका गुणासाठी कुणाचं वर्ष बुडवत नव्हतो. तूही एक ग्रेस दे. विहीणबाई वेगळी धर. तिचा आंबटपणा मी बावीस वर्षं चाखते आहे, तुझं मशीन चाखतं का? दहा लिहून टाक, सेक्रेटरी काही मोजायला येत नाहीत. येतात म्हणा, पण टेपनं.

तुझी
आत्या

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी वाचून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. माझ्या अंगणासाठी तुझ्या सहीला बट्टा लावायला निघाले होते. वरचं सगळं खोडलं असं समज. नऊ तर नऊ. गेलं अंगण तर गेलं, पण रडू येतंय हे खोटं कशाला सांगू.

आणखी एक. मघाशी अंगणातल्याच पाण्याच्या टाकीमागे गेले होते, तिथे फुटक्या बादलीत एक रोप आहे. ह्यांनी जाण्याच्या आदल्या वर्षी रस्त्याकडेच्या खडीतून उपटून आणलं होतं. मी म्हटलं, असलं गवत माझ्या वाफ्यांत नको. ते गुपचूप टाकीमागे लावून आले. फळ वाटाण्याएवढं. मी ते कधी मोजलं नाही, उलट लोकांना दिसू नये म्हणून पुढे पत्र्याचा डबा ठेवला. पाणी तेवढं घालते. त्याचं पान पाठवते आहे, तेही फाटकंच.

८ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

या वेळी उभी राहून वाच!

काकांच्या रोपाची नक्षी तुझ्या नवांपैकी एकीशीही जुळत नाही. आमच्या दप्तरात दोनशेवर वाणांच्या नोंदी आहेत, त्यांतही कुणाशी नाही. तुझ्या नऊ जणी निदान एकमेकींच्या चुलत-मावस बहिणी तरी आहेत. हे रोप मात्र त्यांच्या कुठल्याच लग्नाला न आलेलं. रानटी वाण आहे. साहेब स्वतः येऊन पट्ट्या बघून गेले आणि पानाला आणखी दोन भोकं असती तरी चाललं असतं म्हणाले. त्यांना त्याचा एक रनर हवाय, अगदी हात जोडून.

दहा झाली, आत्या. दाखला सोबत आहे, आणि त्यात एकही ग्रेस नाही. अर्जात प्रत्येक वाणापुढे 'कोणी मिळवले' असा रकाना आहे, तेवढा भरून लगेच पाठव.

आनंदानं नाचणारी
ठमी

२८ मार्च

चि. ठमीस भरभरून आशीर्वाद.

अर्ज दिला, पोच मिळाली. कार्यालयातल्या बाईंनी येऊन पाहणी केली आणि अंगणाच्या फाटकावर पाटी ठोकली. सेक्रेटरी पाटी वाचून आले, टेप खिशातच होती. मी त्यांना बशीभर स्ट्रॉबेरी दिल्या. विहीणबाई खाऊन म्हणाले, ही फार गोड आहे हो. मी बशी आणखी पुढे सरकवली.

ह्यांच्या रोपाला चांगली कुंडी आणली. बादली उचलायला गेले तर हलेना. मुळं बुडाच्या भोकातून थेट जमिनीत गेली आहेत. म्हणून ते तिथेच राहू दिलं आणि समोरची सगळी अडगळ काढली.

रकान्याचं म्हणशील, तर नऊ ठिकाणी मी माझं नाव ठसठशीत लिहिलं. दहाव्या ठिकाणी ह्यांचं. असते तर वर्षभर उठता-बसता मला ऐकवलं असतं त्यांनी. मी ऐकून घेतलं असतं गं.

बाबाला खोकल्याचं औषध घ्यायला सांग, आणि तू जेवत जा वेळेवर. 

तुझीच
आत्या