चमकी कोणाला, साधी कोणाला

मी, छबूबाई गिरधर मगरे, वय एकाहत्तर, धंदा किराणा दुकान, राहणार तळोदा, जिल्हा नंदुरबार, हे माझं शेवटचं इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती कधीच ठिकाणावर नव्हती असं म्हणणारे घरातच दोघं-तिघं आहेत, त्यांचा समाचार पुढे योग्य त्या कलमात घेतला जाईल. मला कोणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे.

वकीलबाई रंजिता यांनी छापील मसुदा दिला होता. तो वाचून मेलेलं कोण आणि जिवंत कोण तेच कळेना. म्हणून कायद्याचं तेवढं त्यांचं ठेवलं आहे आणि बाकीचं माझं. त्या समोर बसून कपाळाला हात लावत आहेत, पण चहा पीत आहेत.

हे आत्ताच का लिहिलं, तर मागच्या आठवड्यात कपाटावरचा कार्डांचा डबा काढताना मी स्टुलावरून पडले. मला काही झालं नाही, स्टूल मोडलं. पण माझा मुलगा कुंदन असा चेहरा करून आला की मलाच त्याची दया आली.

कलम १. राहतं घर माझ्या नावावर आहे, ते कुंदन आणि सून संध्या यांना निम्मं निम्मं. निम्मं अशासाठी की भांडण झालं तर संध्याला माहेरी जावं लागू नये, तिने आपल्या निम्म्यात बसावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही संध्याच करील. कुंदनला दिली तर तो सगळ्यांना विचारत बसेल आणि माझं वर्षश्राद्ध येईल.

कलम २. दुकान, वजनकाटा, बरण्या आणि गिऱ्हाईक संध्याला. उधार मागायला आलेल्याला आधी पाणी द्यावं, मग नाही म्हणावं. बँकेत जे आहे ते नातू भाग्येशच्या शिक्षणाला. तो पुण्यात शिकतो आणि फोनवर फक्त "हं" म्हणतो. गळ्यातली पोत संध्याला. पाटल्या मी घालूनच जाणार होते, पण वकीलबाई म्हणतात तसं करू नका, तर त्याही संध्याला.

कलम ३. आता मुख्य मिळकत, म्हणजे कार्डं. हे नीट समजावं म्हणून थोडं मागून सांगते.

भाग्येश लहान असताना दुकानात पोंग्यांचे पुडे यायचे, माळेने टांगलेले. प्रत्येक पुड्यात एक कार्ड. कार्डावर राक्षसासारखं एखादं जनावर, त्याचं बळ किती, कोणाला हरवतं, सगळं छापलेलं. कार्डं साधी असायची, पण अख्ख्या माळेत एखादंच चमकीचं निघायचं. ते उन्हात धरलं की सप्तरंग फिरायचे. पोरं पुडा कानाशी नेऊन हलवून बघायची, हातांनी चाचपायची, देवाचं नाव घ्यायची. चमकी निघाली की अशी किंकाळी की समोरच्या रिकाम्या जीपमधला ड्रायव्हर उठून बसायचा. पोंगे कोणी खात नसे, ते माझ्या दारातली कुत्री खायची. पोंगे खाऊन त्यांची पोटं अशी सुटली की चोर आला तर उठवत नसे.

भाग्येशने डबाभर कार्डं जमवली आणि मोठा होऊन पुण्याला गेला. डबा राहिला माझ्याकडे. रिकामं दुकान, दुपारची वेळ, मी उघडून बघितला. आणि काय सांगू, लागलं ना वेड! साठी उलटलेली बाई, पण सगळ्यात दुर्मिळ चमकी म्हणजे सोनेरी वीजघोरपड, तिच्याशिवाय मला चैन पडेना. मी जमवते म्हटल्यावर शेजारच्या निर्मलाबाई कशा मागे राहतील? या माझ्या मोठ्या जाऊबाई, माझे जेठ बन्सीलाल यांच्या पत्नी. मी नवी साडी घेतली की त्यांना साडी, माझा गुडघा दुखला की त्यांचे दोन्ही. त्यांनीही सुरू केलं. मग रोज दुपारी आमच्या सामाईक ओट्यावर दोघी कार्डं मांडून बसायचो. "हाई माले दे, हाई तू ले." येणारे-जाणारे हसायचे. हसू देत! तसं सुख मला सासरी आल्यापासून मिळालं नव्हतं, हे मी शपथेवर लिहिते.

कलम ४. साध्या कार्डांचा गठ्ठा. भांडण झालं ते यावरून.

एके दिवशी मला वीजघोरपड सापडली. सोनेरी, कडेला लाल ज्वाळा. निर्मलाबाईंची तहानभूक हरपली. जेठांना दोन दिवस खिचडीच मिळाली. शेवटी निर्मलाबाईंनी आपल्याकडची सगळी साधी कार्डं, जुनी, पहिल्या वर्षीची, दोऱ्याने बांधलेला अख्खा गठ्ठा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाल्या, "ले सगळं, पन ती दे." मी दिली. मनात म्हटलं, साध्यांचं लोणचं घालायचं का? पण मोठ्या जाऊबाईंना नाही कसं म्हणायचं?

आणि नेमकी पुढच्याच हंगामात कंपनीला दुर्बुद्धी सुचली. पोरं चमकीसाठी मरतात ना, मग चमकीच द्या! प्रत्येक पुड्यात चमकी. मग सोनेरी चमकी, मग दोन्ही बाजूंनी चमकी. पहिल्या महिन्यात पोरं नाचली. दुसऱ्या महिन्यात नुसती बघायची. त्यानंतर तर पोंगे खायला लागली आणि कार्डं गटारात टाकायला लागली. गटार असं चमचम करायचं की बाहेरगावचा माणूस थांबून बघायचा. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज चमके त्याला कोण बघे? वर आपल्याकडचं ऊन. चमकीची सगळी कार्डं पापडासारखी वळली. वीजघोरपडीचं पोट वर आलं आणि शेपूट डोक्याला लागलं.

मग नंदुरबारहून एक गृहस्थ आले, कार्डं जमवणारे. हातात मोजे, डोळ्याला भिंग. मी चमकी मांडल्या तर त्यांनी असं तोंड केलं की जणू मी शिळी भाजी वाढली. म्हणाले, "मावशी, चमकीचं आता कोणी विचारत नाही. सगळ्यांकडे तेच आहे. जुनं, साधं काही असेल तर दाखवा." मी गठ्ठा काढला, तर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. आणि त्याच वेळी निर्मलाबाई विरजण मागायला दारात आलेल्या!

त्यांनी सगळं ऐकलं. वाटी तिथेच ठेवली आणि ओरडल्या, "तू दुकानदारीन शे! पुडामा काय येणार ते तुले पह्यलेच माहीत व्हतं! माले फसाडं तू!"

मी म्हटलं, "बाई, कानबाईनी आन, माले काहीच माहीत नव्हतं!" आजही, मरणाच्या कागदावर, तेच लिहिते. अहो, कंपनी मला पोंग्यांची तारीख उलटलेली सांगत नव्हती, ती पुढच्या वर्षीची घोरपड काय सांगणार?

पण त्या वर्षी निर्मलाबाईंनी कानबाई वेगळी बसवली. खान्देशातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको, पण वकीलबाई बाहेरच्या आहेत म्हणून लिहिते. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची कुळाची देवी, बसते तेव्हा कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मोजून घेतात, एकत्र दळतात, एकाच चुलीवर रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात. वर्षभर कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा त्या दिवशी एका पंगतीला बसतात. आमच्याकडे शेताचं भांडण झालं, विहिरीचं झालं, कानबाई फुटली नाही. ती फुटली घोरपडीवरून! तेव्हापासून आमच्या घरात रोट होतात आणि गिळवत नाहीत. मला त्या बाईची आठवण येते, आता लिहूनच टाकते. तिच्यासारखं भांडायला दुसरं कोणी नाही.

मी गठ्ठा परत करायला चारदा गेले. दर वेळी एकच उत्तर: "तुन्हा हातना मी काही लेवाव नै." म्हणून मी विचार केला, जिवंत माणसाच्या हातचं नाकारता येतं, मेलेल्याचं कसं नाकारणार? तर साध्या कार्डांचा तो पूर्ण गठ्ठा, दोऱ्यासकट, माझ्या पश्चात निर्मलाबाई बन्सीलाल मगरे यांना. त्यांनी तो घ्यावा आणि माझ्या माघारी तरी कुळाची कानबाई एक करावी. खरं सांगायचं तर हे सगळं मृत्युपत्र या एका कलमासाठी आहे. घर-दुकान काय, संध्याने न लिहिताच घेतलं असतं.

कलम ५. माझ्याकडच्या चमकीच्या कार्डांचं पोतं मोलगीच्या जीपवाल्या करमसिंगला. ज्वारीवर पाखरं येतात म्हणून त्याने मागच्या वर्षी थोडी शेतात टांगली होती. परवा विचारलं तर म्हणाला, "मावशी, चार दिवस घाबरली. आता त्याच्यावरच बसतात, तोंड बघतात." म्हणजे पाखरांनाही कंटाळा आला. तरी घेऊन जाईन म्हणतो, जीपच्या सीटखाली टेकू म्हणून लागतील. चांगला माणूस आहे.

कलम ६. माझे जेठ बन्सीलाल यांना काही नाही. कानबाई फुटल्यापासून ते दोन्ही घरच्या गव्हांत मोजले जातात आणि दोन्हीकडे रोट खातात. तिकडे म्हणतात मी तुमचा, इकडे म्हणतात मी कुळातला मोठा. त्यांना मिळायचं ते मिळालेलं आहे.

कलम ७. माझ्यामागे रडताना कोणी "सोन्यासारखी बाई होती" असं म्हणू नये. सोनेरी गोष्टींचं काय होतं ते मी बघितलं आहे.

इथवर लिहून झालं आणि सहीसाठी साक्षीदार हवे म्हणून करमसिंगला बोलावलं. दुसरा साक्षीदार बन्सीलाल होणार होते. पण त्यांनी कलम ४ वाचलं, चष्मा काढला आणि उठून गेले. मला वाटलं, कलम ६ चा राग आला. तर पाच मिनिटांनी दारात निर्मलाबाई! मधल्या तीन श्रावणांत त्या या उंबऱ्यावर आल्या नव्हत्या. त्यांनी कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच सगळा वाचला. घोरपडीचं शेपूट डोक्याला लागलं त्या ओळीला हसू आलं ते त्यांनी पदराने दाबलं, मी बघितलं.

मग म्हणाल्या, "कोठे सही करनी शे?"

वकीलबाईंनी समजावलं, "आजी, तुम्ही साक्षीदार होऊ नका. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते. नंतर त्या कार्डांवर तुमचा हक्क अडचणीत येईल. करमसिंगचं पोतं म्हणूनच आजच जीपमध्ये टाकायला लावलं."

निर्मलाबाई म्हणाल्या, "येऊ दे." आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

सबब कलम ४ मधली देणगी रद्द करण्यात येत आहे. त्या कलमातलं बाकी सगळं तसंच ठेवावं, एक अक्षरही खोडू नये. बाकीचं सर्व राजीखुशीने आणि दोन वेळा रडून लिहिलं आहे.

ठिकाण: तळोदा
दिनांक: ३१ जुलै २०२५, गुरुवार, कानबाईच्या आधीचा

लिहून देणार: छबूबाई गिरधर मगरे (सही)

साक्षीदार पहिला: करमसिंग वसावे, मोलगी (सही. जीप भरली आहे, लवकर करा.)

साक्षीदार दुसरी: निर्मलाबाई बन्सीलाल मगरे (सही. तू मरशी तवय मरशी. आते ऊठ, रोटना गहू निवडना बाकी शे.)