करवंटीचा खुळखुळा

आई, आज नारळ फोडला तर करवंटी अगदी सरळ दोन भागांत उकलली, तुला आवडायची तशी. ओटा आवरायचा राहिलाय, आणि मी लिहायला बसले आहे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात झटका येऊन तुझी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आपल्या खोलीत तू, मी आणि बाबा. बाबा सकाळी कारखान्यात गेले की रात्रीच यायचे. मी नुकतीच बी.ए. झालेली, घरीच होते, त्यामुळे तुझ्यापाशी कोणी थांबायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मला हाक मारायला तुला काहीतरी हवं होतं. मी देव्हाऱ्यातली घंटा तुझ्या डाव्या हातात दिली, तर तू ती खाली ठेवून मान फिरवलीस. "अगो, देवाची घंटा ती," बाबा म्हणाले, "तुका बोलवूक वाजवतली ती?" मग ताट-चमचा दिला. तो वाजला की शेजारच्या काकूंचे यजमान रात्रपाळी करून झोपलेले, भिंतीवर थापा मारायचे.

शेवटी तूच मोरीजवळच्या करवंट्यांकडे बोट दाखवलंस. लहानपणी गावी तू असं काही केलेलं असणार. मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता तू सांगू शकत नव्हतीस. मी काचेच्या तुकड्याने करवंट्या खरवडते आहे आणि तू उशीला टेकून बघते आहेस. शेंडी राहिली की डाव्या हाताने खाटेवर टकटक करतेस: इथे, अजून. दोन्ही अर्ध्या जुळवून कडेवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तांदळाच्या खळीने चिकटवल्या, बुडाला भोक पाडून बांबूची मूठ बसवली. बिया करवंटीच्या डोळ्यातून आत टाकायच्या आणि वर चिंधीचा बोळा. चिंचोके घातले, तू नाक मुरडलंस. तांदूळ घातले, तर हात उडवलास. मग मी डोंगराखालच्या म्युनिसिपल शाळेच्या भिंतीपाशी पडलेली गुलमोहराची शेंग फोडून तिच्या बिया आणल्या. तू एकदा हलवलास आणि तोंडाच्या ज्या बाजूला हसू यायचं त्या बाजूने हसलीस. काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, म्हातारीला बाळाचा खुळखुळा दिलास? झकास वाजतो पण!" म्हातारी! तू पन्नाशीचीही नव्हतीस.

तो नळापर्यंत ऐकू यायचा, गच्चीपर्यंत यायचा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अगदी पुसट. त्यापुढे मी जात नव्हते. पाणी, कूस, माशी, कधी नुसतंच. केस विंचरताना वाजायचा, घास तोंडात असताना वाजायचा. वाजत नसला तरी मला वाजल्यासारखा वाटायचा.

श्रावणात माझ्या शाळेतल्या सिस्टरनी निरोप पाठवला: बालवर्गाला शिक्षिका हवी आहे, गुरुवारी तीनला भेटायला ये. ज्या शाळेत मला घालण्यासाठी तू दोन वर्षं सिस्टरांच्या दारात उभी राहिलीस, तीच शाळा. बाबा म्हणाले, "नोकरी खंय पळता? आवशीक कोण बघतला?" काकूंना बसवावं तर रात्री त्या बाबांना सांगणार. आणि तू खुळखुळा वाजवत राहिलीस तर त्या धावत येणार, ते तर नक्कीच.

तू जेवून झोपलीस. मी बोळा काढला, बिया एकेक करून रुमालात काढल्या, बोळा परत लावला आणि खुळखुळा तुझ्या हाताशी ठेवला. पर्समध्ये रुमाल टाकून दार लोटून घेतलं.

सहाला परत आले तेव्हा तू खाटेच्या कडेला घसरली होतीस. लुगडं ओलं झालेलं. डावा हात ती रिकामी करवंटी हलवत होता, हलवतच होता. मला बघून थांबलीस. रडली नाहीस. हात लांब करून खुळखुळा माझ्यापुढे धरलास. मी रुमाल सोडला, बिया भरल्या. तू एकदा वाजवून पाहिलास आणि बाजूला ठेवलास. मग मी तुला पुसून कोरडं केलं. तू खाली बघत होतीस, मी बोलत होते: मुलाखत लांबली गं, मग बसच मिळाली नाही. तू मान हलवलीस.

नोकरी मिळाली होती. मी सिस्टरना नाही म्हणून कळवलं. बाबांना वाटलं त्यांचं ऐकलं, आणि तुला वाटलं असेल मला पश्चात्ताप झाला. पुढची चार वर्षं, तू असेपर्यंत, मी घरातच होते. लोक अजून म्हणतात, काय सेवा केली आईची. मी ऐकून घेते.

हे माझ्या लेकीला वाचून दाखवायचं होतं, पण आता नाही दाखवणार. मुलाखत वीस मिनिटांत संपली होती, आई. बससुद्धा समोरच उभी होती. मी ती जाऊ दिली आणि स्टॉपसमोरच्या उडप्याकडे पंख्याखाली जाऊन बसले. दोन तास मला कुणी हाक मारली नाही. आणि दुसरी कॉफी संपेपर्यंत मला तुझी आठवणही आली नाही.