पस्तीस की पन्नास?

१ तारीख, सोमवार. संध्याकाळी.
नोकरी सोडायचा निर्णय पक्का. ऑफिसला कळवलेलं नाही. आधी लेन्स घ्यायची आहे.
झालं असं, की कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांचे हात हल्ली थरथरतात. मला म्हणाले, महिनाअखेरपर्यंत ओळखीच्या माणसांचे फोटो काढून आण. नुसते चेहरे. पटले तर एक तारखेपासून स्टुडिओ तू बघ, नाहीतर कुलूप लावून मी लेकीकडे जातो.
म्हणजे पाणीखात्यातल्या तक्रारींतून सुटका! निम्मं आयुष्य त्या टेबलाशी कुजलं.
कॅमेरा घरात आहे. पण त्याच्याबरोबर आलेल्या झूम लेन्सवर कोणी कलावंत झाल्याचं ऐकिवात नाही. झूम न होणारी, फिक्स लेन्सच पाहिजे. ती मागचं सगळं धूसर करते. आमच्या घरात मागे जे काही आहे ते धूसर झालेलंच बरं. खिशाला झेपतील अशा दोन: पस्तीस एमएम आणि पन्नास एमएम. पस्तीसमध्ये जास्त मावतं, पन्नास माणसाला जवळ आणते. उद्या ठरवतो.

३ तारीख.
ठरलं नाही. इंटरनेटवर एक दाढीवाला पन्नास घ्या म्हणतो, एक बिनदाढीचा पस्तीस. दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात.
बायको म्हणाली, अहो, तोवर आहे त्याने काढा की. कलेतलं तिला काही कळत नाही, हे मी बोललो नाही. चेहऱ्यावरून कळलं असावं. आमटीत मीठ नव्हतं.

७ तारीख, रविवार.
स्वतः प्रयोग करायचं ठरवलं. जुनी लेन्स पन्नासवर फिरवून वर सेलोटेप गुंडाळली. आता मोह नाही.
आईला पलंगावर बसवलं. कॅमेऱ्यात एक कान आणि चष्म्याची अर्धी काच. मागे सरलो. कपाट. कपाट सरकवलं. भिंत. शेवटी बाल्कनीत गेलो. तिथे खाली बसून सुटलेली टेप चिकटवतोय, तेवढ्यात बायकोने मला न बघता दाराला आतून कडी घातली आणि बाजाराला गेली. काचेतून आईला खुणा केल्या. आईने हात हलवला. मीही हलवला. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनीही हलवला.
निष्कर्ष: पन्नास उत्तम आहे, घर कमी पडतं. मोठ्या घराचा विषय काढला. बायको म्हणाली, आधी बाल्कनीत राहायची सवय करा.

१० तारीख.
टेप पस्तीसवर. आता उलट त्रास, पार तोंडापाशी जावं लागतं. आई म्हणाली, एवढा जवळ येऊन काय करतोस, दात मोजतोस का?
मेव्हण्याचा काढला. नाक आधी आलं, मेव्हणा मागाहून. फोटो बघितला आणि न जेवता निघून गेला. पस्तीसचा हा फायदा कुठेच लिहिलेला नाही.

१५ तारीख. ऑफिसात.
भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत. रीतसर तुलनात्मक तक्ता केला, ऑफिसात कोटेशनं आली की करतात तसा. वजन, धार, कडा, दुरुस्ती, टोपण हरवल्यास दुसरं मिळेल का. शेऱ्याचा रकाना पिवळा. नळाला पाणी नाही म्हणून सकाळपासून उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, माझं कधी होणार? म्हटलं, तक्ता झाला की.
दोन्ही लेन्सना सारखे गुण पडले. तक्ता निःपक्षपाती आहे याचा हा पुरावा.

१९ तारीख.
घात झाला. तक्ता साहेबांच्या हाती लागला. वाटलं, आता झापणार. राजीनामा तोंडावर फेकायची मनातल्या मनात तालीमही केली. तर साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, टोपणाचा विचार करणारा माणूस या ऑफिसात आहे आणि मला कोणी सांगितलं नाही!
मला खरेदी विभागात बढती. जिन्याखालची खोली. खिडकी नाही. नाही म्हणणारच होतो, पण तोवर त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला होता. लोकांच्या हातात कप असताना नाही कसं म्हणायचं?
तात्पुरतं आहे. लेन्स आली की सुटलो.

२४ तारीख.
काका स्वतः दारात. फोटो कुठवर आलेत, म्हणाले. मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, अरे बाबा, लेन्सांनी माझं कपाट भरलंय, मला माणसं दाखव.
पिढीचा फरक. वाद घातला नाही.
बायको मध्येच म्हणाली, काका, तीस तारखेला नक्की. मग माझ्याकडे कॅमेरा मागितला. दिला. बायकांनाही काहीतरी विरंगुळा हवा.

२८ तारीख, रविवार.
घरभर बायको आणि कॅमेरा. झूम सर्रास मागेपुढे. शिस्त नाही. आई तिच्यासमोर खो खो हसते. मेव्हणा तर जेवून, झोप काढून, चहा घेऊन गेला.
मला म्हणाली, जरा इकडे बघा. मी बघितलं नाही. सुधारित तक्त्यात कडांचा रकाना राहिला होता.

३० तारीख.
आम्ही दोघं काकांकडे. तांत्रिक बाजू समजावायला कोणीतरी हवं म्हणून मी. काका एकेक फोटो पुढे सरकवत गेले आणि तक्त्यात डोकं घातलेल्या माझ्या फोटोवर थांबले. म्हणाले, पोरी, असा चेहरा मला जन्मात पकडता आला नाही.
स्टुडिओच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.
मी सांगितलं, बसायची जागा मीच निवडली होती. कोणी ऐकलं नाही.

२ तारीख. जिन्याखाली.
बायको आता माझ्या आधी घरातून निघते. निघताना शीळ घालते. माझा फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलाय. लोक थांबून बघतात म्हणे.
शिपाई पंख्यांच्या कोटेशनांचा गठ्ठा ठेवून गेला. दारापर्यंत जाऊन परत आला. हळूच म्हणाला, साहेब, येताना तुमचा फोटो बघितला. घरी सगळं ठीक आहे ना?
लेन्सचा दोष आहे, असं त्याला सांगितलं.